तुम्ही विचारलंत म्हणून

मुंबईतल्या कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीत आरोग्याचं काम करते म्हटलं की हळदीकुंकवापासून डेंटिस्टच्या खुर्चीपर्यंत हेच, "ताई, त्या नेपाळी बायकांना काही वाटत नाही का हो? त्यांच्यात चालतं म्हणे." कुणाच्यात चालतं? तिथल्या शुक्लाजी स्ट्रीटला सफेद गल्ली म्हणायचे, कारण इंग्रजांच्या काळात तिथे युरोपातून आलेल्या बायका असायच्या, तेव्हा त्या 'तसल्या'. 2014 च्या जानेवारीत दिल्लीच्या खिडकी एक्स्टेन्शनमध्ये जमावाने आफ्रिकन बायकांना मध्यरात्री घेरलं, त्याही 'तसल्या'. बाई आपल्यातली दिसत नाही एवढंच पुरतं.

2022 च्या पावसाळ्यात एकीला गिऱ्हाइकाने मारलं, जबरदस्ती केली. ओठ फाटलेला, ओढणीचं टोक तोंडावर दाबून ती माझ्याबरोबर चौकीत आली. दोन तास बाकावर. मग साहेबांनी तिच्याकडे न बघता मलाच विचारलं, "नेपाळी ना ही? मग जबरदस्ती कसली?" तिने ओढणी बाजूला केली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "साहेब, मी नको म्हटलं होतं." पंधरा वर्षं मुंबईत आहे ती. साहेब हसले, "मराठी छान येतं की गं तुला."

माझ्या पिशवीत सुप्रीम कोर्टाच्या 19 मे 2022 च्या आदेशाची कॉपी होती, त्यात स्पष्ट आहे की धंदा करणाऱ्या बाईवर लैंगिक अत्याचार झाला तर इतर कुठल्याही पीडितेसारखीच तिला वैद्यकीय मदत मिळाली पाहिजे. मी ती काढलीच नाही. त्याच चौकीच्या हद्दीत रोज काम करायचं असतं, साहेब चिडले तर आमच्या सगळ्याच बायकांना त्रास होईल, हे कारण तेव्हाही होतं आणि खरंही होतं. तरी टॅक्सीत तिने विचारलं, "ताई, तुम्ही का नाही बोललात?" तेव्हा ते माझ्या तोंडून निघालं नाही.

सुरुवातीला मी रेड पडली की खूश व्हायचे, सुटल्या म्हणायचे. 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात सज्ञान बाईने स्वतः धंदा करणं गुन्हा नाही, कोठा चालवणं गुन्हा आहे, पण रेडमध्ये सुधारगृहात जाते ती बाईच, आणि तिचं पोर शेजारणीकडे रडत बसतं. हे बघितल्यावर मी बदलले. पण पंधराव्या वर्षी विकून आणलेली मुलगीही मी बघितलीय, तेव्हा कुणी सरळ म्हणालं की हे इतर कामांसारखंच एक काम, तर माझी मान हलत नाही. चौकीत माझ्याबरोबर आलेल्या तिच्यासमोर मात्र हे बोलायची माझी हिंमत नाही.

ती आता कंडोम दुसऱ्या ताईकडून घेते.