चवथीला पणजी रिकामी, बाकीचं वर्ष मंडळाचं

पणजीत आमच्या कॉलनीत कुणालाही घर कुठे म्हणून विचारा, पणजी असं उत्तर येणार नाही. माशेल, मडकई, साखळी, पेडणे, काणकोण असं काहीतरी सांगतील, आणि राहता कुठे विचारलं की मग पणजी. 1961 साली गोवा मुक्त झाला, मग सरकारी ऑफिसं वाढली, शाळा वाढल्या, बँका आल्या, तशी गावागावातली शिकलेली पोरं इथे खोली घेऊन राहिली. माझे बाबा त्यातलेच. लग्न इथे आल्यावर झालं, आम्ही भावंडं इथेच शिकलो, पण देव गावच्या घरी राहिले ते राहिलेच. म्हणून चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली की पणजी रिकामी होते.

मंडळ म्हटलं की लोकांना सार्वजनिक गणपती आठवतो. पणजीतही सार्वजनिक गणपती बसतात, पण आमच्या कॉलनीच्या मंडळाने कधी बसवला नाही, कारण त्या दिवसांत कॉलनीत आरती म्हणायला माणूसच नसायचं. गावाने आपला वाटा घेतला की वर्षाचे जे दिवस उरायचे ते मंडळाचे. मला वाटतं म्हणूनच आम्हाला पणजी एवढी नीट कळली, कारण उरलेल्या दिवसांत जे काही करायचं ते या शहरात, इथल्या पावसात, इथल्या नदीवर, इथल्याच माणसांबरोबर करायला लागायचं.

चवथीआधी मार्केटात माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळा-पानांचा, बाजार भरतो तो मात्र कधी चुकवला नाही, आजही चुकवत नाही. सत्तरी-सांग्याकडच्या बायका रानातून कवंडळं, कांगलं, आंबाडे, तोरंजन, सुपारीचे घोस असं सगळं घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात. नवीन कुणी पणजीत राहायला आलं की मी त्यांना पहिल्यांदा तिथेच नेते, काही विकत घ्यायचं नसलं तरी बघायला या म्हणते, कारण गोव्याचं रान एवढं एका जागी शहरात वर्षातून तेवढंच येतं. मग आदल्या दिवशी कदंब बसच्या स्टँडवर ही गर्दी, हातात पिशव्या, डोक्यावर नारळ, आणि संध्याकाळी पणजीच्या ‘18 जून’ नावाच्या मोठ्या रस्त्यावर चिटपाखरू नाही.

सगळे परत आले की पुढच्या रविवारी मंडळाची पहिली बैठक, तिला आम्ही मुलं नेवऱ्यांची संध्याकाळ म्हणायचो (नेवरी म्हणजे करंजी). प्रत्येक घर गावाहून डबा घेऊन आलेलं असायचं. कुणाच्या नेवरीत सुकं खोबरं आणि तीळ, कुणाच्यात चण्याची डाळ, पेडण्याच्या काकींची नेवरी लहान आणि कुरकुरीत, आमच्या आजीची फुगीर. सगळे डबे एका सतरंजीवर उघडे ठेवायचे आणि कुठली नेवरी कुठल्या गावची ते ओळखायचं. मग कुणीतरी घुमट, म्हणजे मातीचं चामडं लावलेलं वाद्य, काढायचं, जोडीला शामेळ हे तालवाद्य निघायचं, आणि दीड-पाच-सात दिवसांच्या ज्या आरत्या आपापल्या घरी म्हणून झाल्या त्या सगळ्या परत एकदा इथे. प्रत्येक गावची चाल वेगळी, कडवं कुठे तोडायचं ते वेगळं, सुरुवातीला ताल जुळायचा नाही, तासाभरात जुळायचा. पुढे 2019 साली सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं तेव्हा मला ती सतरंजीच आठवली.

पावसाळ्यातला आमचा कार्यक्रम अगदी साधा, फेरीबोट. 5 जुलै 1986 ला मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा मी लहान होते. त्यानंतर नवा पूल होईपर्यंत पणजी-बेती फेरीबोटींनी लोकांना किती वाहून नेलं ते त्या काळातल्या माणसालाच विचारा. मंडळातली काही घरं पर्वरीला, म्हापशाला राहायला गेली होती, ती मीटिंगला फेरीने यायची आणि आम्ही मुलं त्यांना आणायला धक्क्यावर. त्यातनंच हे सुरू झालं बहुतेक. आषाढात एक रविवार बघायचा, पाऊस चांगला लागलेला हवा, सगळ्यांनी छत्र्या घेऊन फेरीत चढायचं, बेतीला उतरायचं, गरम भजी आणि चहा, परत फेरी. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, त्यामुळे वर्गणीचा प्रश्नच नाही. मांडवी त्या दिवसांत लाल असते, वरून आलेली जलपर्णी तरंगत असते, पलीकडचा काठ पावसात दिसेनासा होतो, आणि फेरीच्या लोखंडावर पावसाचा असा आवाज होतो की एकमेकांशी ओरडून बोलायला लागतं. गोव्यात पावसाळ्यात काय करायचं म्हणून लोक विचारतात ना, त्यांना मी आधी हेच सांगते. धबधबे वगैरे नंतर बघा.

श्रावणात वास्कोचा सप्ताह. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दामोदराच्या देवळात भजन उभं राहतं ते अखंड चोवीस तास, शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे ती. स्वतंत्र पथ या रस्त्यावर केवढी मोठी फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, भरते, आम्ही संध्याकाळच्या बसने निघायचो, रात्री वेगवेगळ्या समाजांचे पार, म्हणजे भजनाच्या मिरवणुका, वाजतगाजत येतात ते बघायचे, थोडा वेळ देवळात भजनाला बसायचं, आणि पहाटे परतायचं. मोठ्यांना भजन, आम्हाला काचेच्या बांगड्या आणि खाजें.

कोजागिरी टेरेसवर. ऑक्टोबरात इकडे ढग असतातच, चंद्र दिसला तर दिसला, दूध मात्र जायफळ घालून व्हायचंच. गोव्यात प्रत्येक घरात एक तरी माणूस नाट्यगीत गाणारा असतो, त्यामुळे गाण्याला वाण नाही. तबला कोण वाजवणार यावरच काय ती चर्चा.

आता दिवाळी. यावर मी थोडं जास्त लिहिणार.

दसरा झाला की मुलं नरकासुराच्या पुतळ्याच्या मागे. बांबू, वेताच्या काठ्या, पेंढा, घराघरातली वर्षभराची रद्दी, मैद्याची खळ. मुखवटा मार्केटातून विकत मिळतो, पण आमचे भाई (मंडळाचे सेक्रेटरी, सगळ्यांचेच भाई) म्हणायचे मुखवटा आपण करायचा, विकतचा आणला तर नरकासुर शेजारच्या वाड्यासारखाच दिसणार. म्हणून मातीचा साचा करून त्यावर कागदाचे थर, एक थर सुकला की दुसरा, पाऊस लांबला तर ते सुकवायला चुलीजवळ. मुलगे बांधायचे आणि मुली रंगवायच्या असं आधी होतं, मग एका वर्षी माझ्या बहिणीने सांगाड्यावर चढून खांदा बांधला आणि ते वाटप तिथेच संपलं. छोटा कृष्ण कोण होणार हे मात्र मोठी माणसं ठरवायची, भांडणं नकोत म्हणून.

चतुर्दशीच्या आदल्या रात्री सगळी पणजी जागी असते. वाड्यावाड्यातले नरकासुर, काही दोन मजली घराएवढे, काही हात हलवणारे, डोळ्यात लाल दिवे. आम्ही चालत सगळे बघून यायचो, मळा, भाटले, सांतिनेज, बहिणी-भाऊ-काका-मावशा सगळी वरात. हल्ली स्पीकरच्या भिंती लावतात, छातीत धडधडतं, म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं रात्रभर झोपत नाहीत, ते मला अजिबात आवडत नाही आणि मी ते मीटिंगमध्ये दरवर्षी बोलते. ढोल-ताशा पुरे आहे. आमच्याकडे अजून तेवढंच आहे.

पहाटे उजाडायच्या आत नरकासुर जाळायचा, घरी येऊन तेल-उटणं, तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, ते कडू जिभेला लावायचं, आणि मग फोव, म्हणजे पोहे. महाराष्ट्रात दिवाळीला फराळ, आमच्याकडे फोव. दुधातले फोव, ताकातले फोव, गूळ-खोबरं घालून कालवलेले, फोडणीचे, बटाटा घातलेले, आणि रोसातले, म्हणजे नारळाच्या रसात गूळ आणि वेलची घालून. बाजूला काळ्या वाटाण्याची उसळ, आंबाड्याचं आंबट-गोड काहीतरी. नव्या भाताच्या फोवांना जो वास असतो तो वर्षभर परत येत नाही. गावात घरोघरी जाऊन खायची रीत, पण बिल्डिंगीत चार मजले वर-खाली करत वाट्या घेऊन फिरायचं कसं, म्हणून मंडळाने खाली पार्किंगमध्ये टेबलं लावली. प्रत्येक घराने एक प्रकार आणायचा. सकाळी सातला सगळे न्हाऊन, नवे कपडे घालून, डोळे रात्रीच्या जागरणाने लाल. शेजारच्या ख्रिश्चन घरातली काकू दरवर्षी यायची, बटाट्याचे फोव तिला फार आवडायचे, आणि नाताळात तिच्याकडून दोदोल, नेवऱ्यो, बेबिंक असं गोडधोड सगळ्या मजल्यांवर पोचायचं. मला विचाराल तर वर्षातली सगळ्यात सुंदर वेळ ती, सातची.

डिसेंबरात 8 तारखेला पणजीच्या चर्चचं फेस्त, त्या फेरीत फिरून व्हायचं, आणि मग आमचं नाटक. जत्रेला देवळापुढे गावच्याच लोकांनी नाटक करायचं हे गोव्यात रक्तातच आहे, त्यामुळे पणजीत राहायला आलेला क्लार्क असो की मास्तर, त्याने गावात कधीतरी तोंडाला रंग लावलेलाच असतो. मंडळाचं नाटक म्हणजे दोन महिने तालमी, त्या आमच्याच हॉलमध्ये, आमची जेवणं लवकर उरकून. आई प्रॉम्प्टर असायची. तिला अजून काही नाटकं सगळ्या पात्रांसकट पाठ आहेत. कांपालला मांडवीच्या काठावर चार्ल्स कोरियांनी बांधलेली कला अकादमी आहे, तिथल्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात चांगलं नाटक आलं की भाई सगळ्या कलाकारांना घेऊन जायचे आणि येताना मिरामारपर्यंत चालत चर्चा, कोण कुठे उभा राहिला, प्रकाश कसा पडला. थंडी अशी इथे पडत नाही, पण त्या चालण्यात स्वेटर घालायची हौस भागायची.

पुढे मळ्याच्या मारुतीची जत्रा, टेकडीवरच्या देवळाला रोषणाई, खाली रस्त्यावर दुकानं. मग शिगमो, म्हणजे आमचा शिमगा. बांदोडकर मार्गावर मिरवणूक, रोमटामेळ, घोडेमोडणी, घणचे कटर घण, ओस्सय ओस्सय. मेळ बहुतेक गावांकडचे, म्हणजे आमचेच चुलत-मावस भाऊ नाचणारे आणि आम्ही फुटपाथवर उभे राहून नावानं हाका मारणारे. मंडळाच्या बायका दोन-तीन वर्षं फुगडीत उतरल्या होत्या, त्याचे फोटो अजून मीटिंगमध्ये निघतात.

आणि मे महिना. मानकुराद आंबे, पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी, सोलं, सुक्या मिरच्या, कांद्याच्या माळा. पण मला मे म्हटला की कुर्डी आठवते.

आमच्या मंडळात एक काकी होत्या, माहेर कुर्डीचं. सांगे तालुक्यातलं हे गाव, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. साळावली धरण झालं तेव्हा ऐंशीच्या दशकात ते पाण्याखाली गेलं, लोकांना दुसरीकडे वसवलं. दक्षिण गोव्यातल्या नळांना जे पाणी येतं ते तिथलं. तिथलं जुनं दगडी महादेवाचं देऊळ दगड न दगड सुटा करून धरणाजवळ नेऊन परत उभं केलंय, ते बघण्यासारखं आहे. बाकी गाव वर्षभर पाण्यात, आणि मे महिन्यात पाणी उतरलं की परत वर येतं. तेव्हा जुने गावकरी सोमेश्वराच्या उत्सवाला जमतात, ख्रिश्चन गावकरी आपल्या कपेलाच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, जागी जमतात. घर कुठे म्हणून विचारलं की काकी सांगायच्या कुर्डी, आणि वर काही बोलायच्या नाहीत.

एका मे महिन्यात भाईंनी ठरवलं, यंदा मिरामारची पिकनिक नको, बस करून काकींबरोबर कुर्डीला जायचं. भेगाळलेली जमीन, झाडांचे काळे बुंधे, जोती, तुळशीवृंदावनाचे चौथरे. ऊन असं की चप्पल तापते. काकी पुढे आणि आम्ही मागे, त्या न थांबता चालत होत्या, हे अमक्याचं अंगण, ही न्हाणी, इथून शाळेला वाट. एका जोत्यावर चढल्या आणि म्हणाल्या, या बसा, हे आमचं बसायचं. आम्ही सगळे तिथे बसलो, त्यांनी घरून आणलेलं कोकमाचं सरबत दिलं, पेल्यांतून, स्टीलच्या, प्लास्टिकचे नकोत म्हणाल्या होत्या. पाहुणे घरी आले होते ना. नंतर देवळाकडे गेलो तर त्यांना ओळखणारी माणसं एवढी भेटली की आमची बस दोन तास उशिरा निघाली आणि ड्रायव्हरसुद्धा काही बोलला नाही. त्यानंतर दरवर्षी मेमध्ये मंडळातून कुणी ना कुणी जातंच. काकी गेल्यानंतरही.

आता पणजीत करण्यासारखं पुष्कळ आहे. 2004 पासून नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, येतो, सिनेमे, रोषणाई, लोकोत्सव, कलेचे महोत्सव, मीही जाते, मुलांना नेते, आवडतं. पण तिकडे आपण बघायला जातो. मंडळात सतरंजी घालायला, वाट्या मोजायला, रद्दी गोळा करायला जातो, आणि शेजारच्या घरातलं माणूस कोण, त्याचं घर कुठलं, त्याची चवथ किती दिवसांची, हे तिथे कळतं. आमच्या बिल्डिंगीत गेल्या काही वर्षांत नवीन कुटुंबं आलीत, कोल्हापूरचं एक, बेळगावचं एक, एक तर थेट नागपूरचं. त्यांना मी सांगून ठेवलंय, दिवाळीला गावाला जाणार असाल तर चतुर्दशी करून जा.

यंदा नेवऱ्यांची संध्याकाळ झाली की लगेच दिवाळीची यादी करायला बसणार आहोत. रोसातले फोव करणाऱ्या मावशी आता मुलीकडे म्हापशाला राहायला गेल्यात, त्या म्हणाल्यात मी येते पण नारळ खवायला माणसं द्या. नागपूरच्या वहिनींनी हात वर केलाय. अजून दोघं तरी लागतील.