उपासाला चालतं का?

परवा दुपारी ऑफिसात डबे उघडले तेव्हा समोरच्या बाई साबुदाण्याच्या खिचडीतली कोथिंबीर एकेक पान वेचून झाकणावर ठेवत होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडे नाही चालत." शेजारची म्हणाली, "आमच्याकडे कोथिंबीर चालते, जिरं नाही." मग चहात आलं चालतं का, मीठ सैंधवच हवं का, यावर बराच वेळ खल झाला. ज्याचा उपासच नव्हता अशा एका गृहस्थांनी तेवढ्यात दोघींच्या डब्यांतून खिचडी उचलली आणि पोळीशी खाल्ली. पोळीशी! या एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत झालं, की हा मनुष्य वाया गेलेला आहे.

उपासाला काय चालतं याची यादी कुठेही छापलेली नाही. म्हणजे कॅलेंडरच्या मागे काहीबाही असतं, पण ते कुणी मानत नाही. प्रत्येक घराची यादी वेगळी. आमच्या घरची यादी आजीच्या डोक्यात होती. नाशिकच्या आमच्या वाड्यात आजी म्हणजे या विषयातलं सुप्रीम कोर्ट. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू जिन्यातूनच ओरडायच्या, "काकी, भेंडी चालते का हो?" आजी हातातलं काम थांबवायची, क्षणभर डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. भेंडी चालते, गवार नाही. रताळं चालतं, गाजर नाही. काकडी चालते, पण वरून फोडणी घातली तर हिंग घालायचा नाही. मी एकदा विचारलं होतं, गाजर का नाही? तेही रताळ्यासारखं जमिनीतच येतं की. आजी म्हणाली, "चालत नाही म्हणून चालत नाही." यापुढे अपील नव्हतं.

गंमत अशी, की आजीने ज्यांना बिनबोभाट आत घेतलं होतं ते बहुतेक सगळे परके. बटाटा, रताळं, मिरची, शेंगदाणा हे सगळे अमेरिका खंडातले, कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला त्यानंतर बोटींतून आपल्याकडे आलेले. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओकाही दक्षिण अमेरिकेचाच. त्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमकडे निघाले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, सिंगापूर-मलायाकडून माल येईनासा झाला तेव्हा. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली १२९६ मध्ये. त्यांच्या बरोबरीने पंढरपूरला चाललेल्या माणसाने एकादशीला काय खाल्लं असेल ते असेल, पण मिरचीचे तुकडे आणि दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी नक्कीच नाही. आणि आपण मात्र तिला अनादी-अनंत समजून बसलोय.

राजगिऱ्याचं तर आणखी भारी आहे. तोही मूळचा मेक्सिकोकडचा. तिथले ॲझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठात मध घालून देवाच्या मूर्ती करायचे आणि पूजा झाली की मोडून वाटून खायचे. स्पॅनिश पाद्र्यांना हे काही रुचलं नाही, त्यांनी त्यावर बंदी आणली. पण लाह्या गोड पाकात घालून वड्या करायची रीत तिथे अजून आहे. फोटो बघा, थेट आपली राजगिऱ्याची वडी. तिकडे हाकलून दिलेलं हे धान्य इकडे येऊन पुन्हा देवाच्याच कामी लागलं, आणि आजीला यातलं काही ठाऊक नसताना तिने ते चालवून घेतलं.

मला खरा राग आहे तो टोमॅटोच्या बाबतीत. बटाटा, मिरची, टोमॅटो आणि वांगं ही चारही एकाच कुळातली झाडं. त्यातले बटाटा आणि मिरची एकादशीला पंगतीत बसतात, टोमॅटो बाहेर. आणि वांगं, जे चौघांत एकटं अस्सल इथलं, त्याला तर अनेक घरांत अख्खा चातुर्मास बंदी. काय न्याय आहे हा? बाबांनी एकदा उपासाच्या बटाट्याच्या भाजीत हळूच टोमॅटो चिरून घातला होता. आजीने पातेल्यात डोकावून पाहिलं, झाकण ठेवलं आणि म्हणाली, "आज कुणाचा उपास नाही वाटतं." बस्स. त्या दिवशी सगळ्यांचा उपास मोडला, आणि बाबांना सोडून सगळ्यांना संध्याकाळी पुन्हा करावा लागला.

शास्त्र सांगणारे म्हणतात, ऋषिमुनी नांगर न लावता उगवलेलं खात, म्हणून कंदमुळं आणि फळं. ठीक. मग शेंगदाणा? त्याला तर नांगर लागतोच, आणि जमिनीखाली वाढला तरी तो कंद नव्हे. तो तूर-हरभऱ्याचा भाऊबंद, शुद्ध द्विदल. बाकीच्या डाळी बाहेर उभ्या आहेत आणि हा कूट होऊन आत शिरलाय. पण त्याला हाकलू नका, कारण साबुदाण्यात पिष्टाशिवाय जवळजवळ काही नाही. शंभर ग्रॅम साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि एक ग्रॅमसुद्धा प्रथिनं नाहीत. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीसेक ग्रॅम. खिचडीत अन्न म्हणून जे काही आहे ते कुटात आहे. ज्या बाई खिचडीत कूट घालताना हात आखडतात त्यांच्याकडे मी दुसऱ्यांदा जात नाही. आणि साबुदाणा नीट न भिजवता त्याचा लगदा करणाऱ्यांकडे पहिल्यांदाही नाही.

वरीचा भात आणि दाण्याची आमटी हे तर मला नेहमी वेषांतर करून आलेलं वरण-भातच वाटतं. वरी हे सरळसरळ धान्यच आहे, पावसाळी डोंगरउतारावर पिकणारं बारीक तृणधान्य. आमच्याकडे भगर म्हणायचे. ती येते त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या बाजूने. तिकडच्या आदिवासी घरांत नागली आणि वरई हे उपासाचं नव्हे, रोजचं जेवण. वाड्यावर रानभाजी विकायला एक बाई यायच्या. आजीने त्यांना एकदा मोठ्या प्रेमाने एकादशीची भगर वाढली. त्या संकोचून म्हणाल्या, "माय, हे तर रोजच खातो. भात नाही का व्हय?" आजीने निमूटपणे आमच्यासाठी लावलेल्या कुकरमधला भात त्यांना वाढला. पुढे २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं आणि तीच वरी चकचकीत पाकिटात बसून मॉलमध्ये गेली. त्या बाईंच्या भाजीचा भाव मात्र आम्ही वाड्यात शेवटपर्यंत घासाघीस करूनच दिला.

भात आमच्यासाठी लावलेला, असं मी वर म्हटलं. कारण एकादशीला आजीच्या स्वयंपाकघरात दोन स्वयंपाक व्हायचे. उपास करणाऱ्यांचा वेगळा, न करणाऱ्यांचा वेगळा. दोन्ही आजीच करायची. आम्हा मुलांचा उपास हा खिचडी, वेफर, दाण्याचे लाडू, रताळ्याचा कीस आणि संध्याकाळी 'चुकून' मोडलेला, असा असायचा. एकादशी आणि दुप्पट खाशी, ते आमच्यासाठीच. आजीचा सोमवार, गुरुवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या, शिवाय श्रावणात काय काय. तिच्या ताटात तळाची खरवड आणि कपभर चहा. डॉक्टरांनी सांगितलं, रक्त फार कमी आहे, उपास कमी करा. तिने विचारलं, "खजूर खाऊ का? तो चालतो." २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्तक्षय निघाला. त्याचं खापर मी उपासावर फोडत नाही, कारणं पुष्कळ आहेत. पण सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलं तर खायचं, ही रीत त्या यादीत कुठे बसते, हे आम्ही आजीला कधी विचारलं नाही. तो निकालही तिने बहुधा स्वतःपुरता देऊन टाकला होता.

असो. आता आजी नाही, आणि निकाल द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, का ते मला समजलेलं नाही. गेल्या आठवड्यात भाचीचा फोन: "मावशी, क्विनोआ चालतो का गं उपासाला?" मी डोळे मिटून पाहिले. काहीच सुचलं नाही. मग शोधलं तर क्विनोआ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, म्हणजे बटाट्याच्या गावचा, आणि वर राजगिऱ्याच्या कुळातला. दोन्हीकडून वशिला. म्हटलं, चालतो. तिने विचारलं, "आणि त्यात टोमॅटो?"

मी म्हटलं, घाल. कोण येतंय बघायला.