फॉरेन कीच्या गुंत्यातून टेबले काढताना

एका जुन्या ऑर्डर-प्रणालीतील वापरात नसलेली सात टेबले काढून टाकण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा ते अर्ध्या तासात उरकेल असे मी गृहीत धरले होते. डेटाबेस मायएसक्यूएल 8.0 चा होता. चाचणीसाठी घेतलेल्या प्रतीत ग्राहकांच्या जुन्या टेबलावर (त्याची जागा नव्या ग्राहक-टेबलाने घेतली होती) ड्रॉप टेबल ही टेबल काढण्याची आज्ञा चालवताच 3730 क्रमांकाची एरर आली, कारण दुसऱ्या एका टेबलाची फॉरेन की, म्हणजे एका टेबलाच्या ओळी दुसऱ्या टेबलाच्या ओळींशी बांधणारा दुवा, त्याकडे निर्देश करत होती. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस-प्रणालीच्या सवयीने मी आज्ञेच्या शेवटी कॅस्केड, म्हणजे अवलंबून असलेलेही काढा, असे लिहिले, पण एरर तीच राहिली. मायएसक्यूएल हा शब्द स्वीकारते आणि त्याकडे सरळ दुर्लक्ष करते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये मात्र त्याने निर्देश करणारे (चाइल्ड) टेबल जात नाही, तर त्यावरील कन्स्ट्रेंट, म्हणजे फॉरेन कीचे बंधन, जाते. शिवाय काढल्या जाणाऱ्या टेबलावर आधारलेले व्ह्यूही (नाव देऊन साठवलेल्या क्वेरी) जातात, जे बहुधा कोणालाच अपेक्षित नसते.

मग मी तो प्रसिद्ध जवळचा मार्ग घेतला आणि फॉरेन की चेक्स शून्य केले, म्हणजे या दुव्यांची तपासणीच बंद केली. सातही टेबले निमूटपणे गेली. दुसऱ्या दिवशी पावत्यांच्या टेबलात, जे ठेवायचेच होते, नवी नोंद होईना, कारण त्याची फॉरेन की आता अस्तित्वात नसलेल्या ग्राहक-टेबलाचा शोध घेत होती. तपासणी पुन्हा चालू केल्याने आधीच्या ओळी तपासल्या जात नाहीत, हेही मला तेव्हाच नीट उमगले.

वास्तविक मी आधी इन्फर्मेशन स्कीमातील (डेटाबेसच्या रचनेची माहिती ठेवणाऱ्या भागातील) की कॉलम युसेज, म्हणजे कोणता कॉलम कोणाकडे निर्देश करतो याची यादी, पाहिली होती. चूक अशी झाली, की मी निर्देश करणाऱ्या टेबलाच्या स्कीमावर (टेबलांच्या गटावर) अट लावली होती, आणि पावत्या त्याच सर्व्हरवरील दुसऱ्या स्कीमात होत्या. अट रेफरन्स्ड टेबल स्कीमावर, म्हणजे ज्याकडे निर्देश होतो त्या टेबलाच्या स्कीमावर, लावल्यावर पावत्यांचे नाव लगेच समोर आले. ही क्वेरी पुरेसे अधिकार असलेल्या खात्यानेच चालवावी लागते, कारण ज्या टेबलांवर आपल्याला काहीच अधिकार नाहीत ती या यादीत दिसत नाहीत.

प्रत नव्याने घेऊन मी सगळे नाते कागदावर काढले. ज्यांच्याकडे कोणीही निर्देश करत नाही, ती टेबले आधी काढायची आणि मग मुळाकडे जायचे, हा क्रम बहुतेक ठिकाणी चालला. विभाग आणि विक्रेते ही दोन टेबले मात्र एकमेकांकडे बोट दाखवत होती, कारण विक्रेत्याला विभाग होता आणि विभागाला प्रमुख म्हणून विक्रेता. तेथे टेबलाची रचना दाखवणाऱ्या शो क्रिएट टेबलमधून कन्स्ट्रेंटचे नाव घेऊन, रचना बदलणाऱ्या ऑल्टर टेबलने एक दुवा आधी तोडावा लागला.

खरा वेळ पावत्यांनी खाल्ला. त्यांचा जुना कन्स्ट्रेंट काढून तो नव्या ग्राहक-टेबलाकडे वळवायचा होता, पण नवा ग्राहक क्रमांक बिगइंट (मोठ्या पूर्णांकाचा प्रकार) होता आणि पावत्यांमधला इंट (साधा पूर्णांक), आणि दुव्याच्या दोन्ही बाजूंचे प्रकार जुळावे लागतात, त्यामुळे आधी कॉलमचा प्रकार बदलावा लागला. त्यानंतरही कन्स्ट्रेंट जोडताना 1452 एरर आली, म्हणजे काही ओळींना जुळणारी मूळ ओळच नव्हती. लेफ्ट जॉइनने दोन्ही टेबले जोडून, जुळणी नसलेल्या पावत्याही दिसतील असे पाहिले, तर काही पावत्यांचे ग्राहक नव्या टेबलात आणलेच गेले नव्हते. ते आणेपर्यंत मूळ डेटाबेसला मी हात लावला नाही, कारण मायएसक्यूएलमध्ये ड्रॉप टेबल आपोआप कमिट होते (कायम होते) आणि ते रोलबॅक करता, म्हणजे मागे घेता, येत नाही. अखेर पूर्ण बॅकअप घेऊन, तपासणी चालू ठेवूनच, त्याच क्रमाने सातही टेबले काढली, आणि या वेळी एकही एरर आली नाही.