गावी का गेला नाहीत, असे तुम्ही विचारलेत म्हणून

"मुंबईत राहायला स्वतःची जागा नसताना एवढे हाल काढण्यापेक्षा तुम्ही सरळ गावी का गेला नाहीत?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की समोरचे माणूस कोणत्या वाक्याला थांबून तो विचारणार, हे मला आता आधीच कळते. नातेवाइकांनी विचारला, मी ज्या ब्युरोतर्फे आजाऱ्यांच्या सेवेचे काम करते तिथल्या नव्या मुलींनी विचारला, सध्या राहते त्या इमारतीतल्या बायकांनी विचारला, आणि समाजकार्याच्या अभ्यासक्रमासाठी माहिती घ्यायला आलेल्या एका मुलानेही विचारला. मी प्रत्येक वेळी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, कारण खरे उत्तर सांगायला लागते तितका वेळ कोणाकडेच नसतो. ते येथे एकदाच लिहिते.

गिरगावातील ज्या खोलीत मी लग्न होऊन आले, ती पागडीची, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन पुढे थोड्या भाड्यात राहायची होती, आणि भाडेपावती सासऱ्यांच्या नावावर होती. 1947 च्या कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली, त्यामुळे मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला खोली सोडणे परवडेना, आणि अशा हजारो इमारती टेकूंवर उभ्या राहिल्या, हे तुम्हाला ठाऊक आहे. मला सांगायचे आहे ते एवढेच की खोलीत माणसे सात असली तरी पावतीवर नाव एकाचेच असते. सासरे गेल्यावर ते नाव मोठ्या दिरांचे झाले. सर्वांच्या संमतीने झाले, आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटले नाही. मी, माझे यजमान आणि मुलगी पोटमाळ्यावर झोपत असू. यजमान गेल्यानंतरही मी आणि मुलगी तिथेच झोपत राहिलो. पुढे इमारत धोकादायक ठरली, पुनर्विकासासाठी बिल्डर आला, करार पावतीवरच्या नावाशी झाला, आणि इमारत बांधून होईपर्यंतचे भाडेही त्याच नावाच्या धनादेशाने येऊ लागले. त्या पैशांत दिरांना डोंबिवलीला जेमतेम दोन खोल्या मिळाल्या आणि त्यांच्या घरात माणसे पाच होती.

दिरांनी मला बाहेर काढले, असे म्हणणे सोपे आहे आणि काही वर्षे मी तसे म्हणतही असे. पण त्यांनी मला "जा" असे कधीही म्हटले नाही. पहिले काही महिने मी त्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी झोपले. मग मुलीला शाळेसाठी कऱ्हाडला बहिणीकडे ठेवले, आणि त्यानंतर माझे तिथे असणे दर आठवड्याला थोडे थोडे अवघड होत गेले. पुढे बिल्डरचे धनादेशही थांबले. गोरेगावच्या पत्राचाळीतील 672 कुटुंबांनी 2008 च्या करारानंतर घरे सोडली आणि भाडे थांबल्यावर त्यांची किती परवड झाली, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचले असेल. त्या 672 नावांमागे पावतीवर नाव नसलेल्या किती विधवा, किती धाकटे भाऊ, किती परित्यक्ता बहिणी होत्या, हे मात्र मी कुठे वाचलेले नाही.

आता गावाविषयी. माझे माहेर संगमेश्वर तालुक्यात आहे. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 मध्ये केली, देशभर ती 2005 मध्ये झाली, आणि तरीही वडील गेल्यावर आम्ही तिन्ही बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. आमच्याकडे सगळ्याच बहिणी करतात, कारण त्या सहीच्या बदल्यात माहेर राहते: दिवाळीला, गणपतीला, बाळंतपणाला हक्काने जाता येते. कायमचे राहायला जाणे मात्र त्यात धरलेले नसते. भाऊ वाईट नाही. वहिनीही वाईट नाही. पण पाहुणी म्हणून माझ्यासाठी उघडणारे ते दार कायमची राहणारी बाई म्हणून किती महिने उघडे राहिले असते, याचा अंदाज मला होता, आणि तो चुकीचा होता असे मला अजूनही कोणी पटवून दिलेले नाही. शिवाय तिथे मी करणार काय? काजू सोलायला हंगामात बायका लागतात, लावणीला आणि कापणीला लागतात. त्यावर माझे पोट भरले असते, पण कऱ्हाडला दर महिन्याला पैसे गेले नसते. ते पैसे थांबले असते तर मुलगी बहिणीच्या घरी माझ्यासारखीच झाली असती.

म्हणून मी चोवीस तासांची ड्युटी धरली. ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: ब्युरो म्हाताऱ्या किंवा आजारी माणसांच्या घरी बाया पाठवतात. बारा तासांची ड्युटी असली तर रात्री आपल्या घरी जाता येते. चोवीस तासांची असली तर पेशंटच्या पलंगाखालची गादी रात्री बाहेर ओढायची आणि सकाळी आत सारायची. जेवण, चहा आणि आंघोळ तिथेच. लोकांना वाटते की जास्त पगारासाठी बाया चोवीस तासांचे काम घेतात. आमच्या ब्युरोत अशा कितीतरी बाया होत्या ज्यांनी पगारापेक्षा छपरासाठी ते घेतले होते, आणि हे एकमेकींना न सांगताही आम्हाला कळत असे, कारण सुट्टी मागायची नाही ती बाई कोण, हे लपत नाही.

त्या काळातली मी कोणी विचारले तर ठामपणे म्हणाले असते की मी बेघर नाही. मला काम होते, गळ्यात ब्युरोचे ओळखपत्र होते, मतदार यादीत गिरगावचा पत्ता होता, आणि मी फुटपाथवर एक रात्रही काढली नव्हती. जनगणनेने माझे म्हणणे खरे मानले. 28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री देशभर उघड्यावर झोपणाऱ्यांची मोजणी झाली, मुंबईत ती सुमारे 57 हजार भरली, आणि त्या रात्री मी दादरला एका पलंगाशेजारी गादीवर झोपलेली होते. मुंबईत त्याच जनगणनेत सुमारे 4 लाख 80 हजार घरे रिकामी आढळली होती. हे दोन आकडे मला पुष्कळ नंतर समजले, आणि समजल्यावर तेव्हाच्या माझ्या ठामपणाचा मला राग आला. पण तो ठामपणा नसता तर मी रोज सकाळी केस विंचरून, इस्त्रीचा गाऊन घालून दुसऱ्याच्या आईला हसतमुखाने उठवू शकले असते का, हेही मला सांगता येत नाही.

दादरच्या त्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. मी त्यांच्याकडे वर्षाहून अधिक काळ होते. पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला, महापालिकेच्या एका रुग्णालयात दाखल केले आणि नातेवाइकाचा पास माझ्याकडे आला, कारण मुलगा पुण्याला नोकरीत होता. एका पहाटे त्या गेल्या. दुपारपर्यंत शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीत सगळे आटोपले. संध्याकाळी मुलाने मला महिन्याचा पूर्ण पगार दिला, वर आणखी एका महिन्याचा दिला, आणि अगदी संकोचून म्हणाला, "मावशी, मी रात्रीच पुण्याला निघतोय, घराला कुलूप लावावं लागेल. तुमची सोय आहे ना?"

मी म्हणाले, "आहे."

यावरही मला विचारले गेले आहे: खरे का सांगितले नाहीत? तो माणूस चांगला होता. नाही म्हटले असते तर त्याने कदाचित चार दिवस राहू दिले असते, आणि ज्याची आई सकाळी गेली आहे त्याच्यावर संध्याकाळी मी माझे ओझे टाकले असते. मला ते करायचे नव्हते. मी आजही ते केले नसते.

ब्युरोच्या बाईंनी सांगितले की पावसात कामाचे कॉल कमी आहेत, तीन-चार दिवस थांबा. ब्युरोत बसायला एक बाक होता, पण आठ वाजता शटर पडत असे. स्टेशनचा पर्याय मी मनातल्या मनात तपासला होता. शेवटची लोकल गेल्यावर फलाट रिकामे करतात, सामानघरात पिशवी ठेवायला प्रवासाचे तिकीट लागते, आणि 1959 च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यात उपजीविकेचे दिसणारे साधन नसताना सार्वजनिक जागी रेंगाळणाऱ्यालाही भिकारी ठरवता येते, हे ब्युरोतल्या एका बाईच्या नणंदेला चेंबूरच्या भिक्षेकरी केंद्रात नेले तेव्हा आम्हा सर्वांना कळले होते. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास उघडा असा एक निवारा हवा असे सांगितले होते. मुंबईची लोकसंख्या तेव्हा सव्वा कोटीच्या घरात होती, म्हणजे सव्वाशे निवारे हवेत. त्याच्या जवळपासही ते नव्हते, आणि जे होते त्यांचा पत्ता माझ्यासारखीला कोणी दिला नव्हता. माझ्या पिशवीत होता तो रुग्णालयाचा पास.

मी परत रुग्णालयात गेले. दारावरच्या रक्षकाने पास पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि आत सोडले. वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात नातेवाईक चटया टाकून झोपतात, त्यांत मी माझी चादर पसरली. शेजारी नांदेडकडची एक बाई होती, तिचा नवरा आत होता. तिने भाकरीचे फडके सोडले आणि मला विचारले, "तुमचं कोण हाय आत?" मी म्हणाले, "आई." ती म्हणाली, "कशी हाय आता?" मी म्हणाले, "बरी आहे." तिने अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्या हातावर ठेवला. ज्या बाईंना मी सकाळी स्वतःच्या हातांनी शेवटची आंघोळ घातली होती, त्यांना बरे वाटते आहे असे सांगून मी ती भाकरी खाल्ली. पुढच्या रात्री तिने पुन्हा विचारले, तेव्हा मी त्यांना आणखी थोडे बरे केले. खोटे बोलल्याचे मला तेव्हा वाईट वाटले नाही. वाईट याचे वाटत होते की बाईंसाठी मला रडायचे होते आणि तिथे रडता येत नव्हते, कारण माझी पेशंट सुधारत होती.

दिवसा मी ब्युरोच्या बाकावर बसत असे, आंघोळ सुलभ शौचालयात करत असे, आणि कागदांची पिशवी कधीही खाली ठेवत नसे. रेशनकार्डाची प्रत, यजमानांचा मृत्यूचा दाखला, मुलीच्या गुणपत्रिका, एवढेच त्यात होते. एका संध्याकाळी भावाचा फोन आला. त्याला बहिणीकडून काहीतरी कळले होते. तो म्हणाला, "ताई, गावी ये. इथे काय कमी आहे?" मी जिथे उभी होते तिथून परळचा एस.टी. डेपो चालत जाण्याच्या अंतरावर होता. तिकिटाचे पैसे तर होतेच, दोन महिन्यांचा पगार अंगावर होता. खोली भाड्याने घ्यायची तर डिपॉझिट, एक महिन्याचे आगाऊ भाडे, एजंटची एका महिन्याची दलाली आणि कराराचा खर्च एवढे एकदम लागते, आणि त्याला ते पैसे पुरत नव्हते. शिवाय प्रत्येक एजंटचा पहिला प्रश्न "सोबत कोण राहणार?" हाच असे. म्हणजे माझ्याकडे गावी जाण्याइतके पैसे होते आणि मुंबईत राहण्याइतके नव्हते, पण गावी गेल्यावर ते संपणार होते आणि मुंबईत पुन्हा येणार होते. मी भावाला म्हणाले, "गणपतीला येते."

त्याच रात्री दारावर रक्षकाने मला बाजूला घेतले. तो हळू आवाजात बोलला. "मावशी, तुमची पेशंट खाली नेली तेव्हा मीच लिफ्टपाशी होतो. उद्या पास बदलणार आहेत. आजची रात्र काढा. उद्यापासून बाहेर ओपीडीच्या शेडमध्ये बसा, तिथे पास विचारत नाहीत."

म्हणजे त्याला पहिल्या रात्रीपासून माहीत होते. त्याने केलेले उपकार मी विसरलेली नाही, आणि तरीही सांगते की त्याच्या शब्दांनी मला जेवढी भीती वाटली तेवढी डोंबिवलीचे घर सोडतानाही वाटली नव्हती. तोवर मी दोन ड्युट्यांच्या मधली बाई होते. आता मी कोण आहे हे एका माणसाला ठाऊक होते, आणि मला शेडचा पत्ता देण्यात आला होता.

दुसऱ्या दिवशी मी ब्युरोत जाऊन, बाकीच्या बायांनी एकेक करून सोडलेली केस मागून घेतली. ते आजोबा रात्री उठून मारत असत आणि पगार नेहमीपेक्षा कमी होता. मी घराचा पत्ता सोडून काहीही विचारले नाही. त्यांच्याकडे मी तीन वर्षे काढली, त्या पैशांतून डिपॉझिट साठले, आणि नालासोपाऱ्याला एका खोलीचा करार माझ्या नावावर झाला. त्यात शौर्य होते असे मला वाटत नाही. माझ्या आधी त्या केसवरून पळून गेलेल्या बायांना परत जायला घर होते, एवढाच आमच्यात फरक होता.

तुम्ही विचारता ते मी स्वतःलाही विचारते. मुलीची दहावी झाली तेव्हा मी तिच्याजवळ नव्हते. ती मोठी होत असताना तिच्या आयुष्यातली बरीच वर्षे मी फोनवरचा आवाज होते. गावी गेले असते तर कदाचित ती माझ्याजवळ असती, गावच्या शाळेत गेली असती, आणि आम्ही दोघी भावाच्या पडवीत राहिलो असतो. तेव्हाची मी म्हणते की तिचे शिक्षण त्यामुळेच झाले. आताची मी म्हणते की ते कसेही झाले असते, पोरगी हुशार होती. दोघींपैकी कोणाचे खरे, हे ठरवायला तिसरी कोणी माझ्यात नाही, आणि मुलीला हे विचारायचे धाडस मी अजून केलेले नाही.

ती आता पुण्यात नोकरी करते आणि कॉट बेसिसवर राहते, म्हणजे खोलीचे नाही तर पलंगाचे भाडे देते. तिच्या खोलीत आणखी तीन मुली आहेत आणि रात्री पाहुण्याला राहू देत नाहीत, म्हणून सुट्टीत तीच माझ्याकडे येते. या वेळी मात्र तिने तारीख पक्की करण्याआधी माझ्या कराराची मुदत विचारली. अकरा महिने जानेवारीत पूर्ण होतात, आणि मालकाने अजून काही कळवलेले नाही.