टाउनहोम, सिटी रिव्ह्यू आणि ११४ कचऱ्याचे डबे : माझा अनुभव

आमच्या घरामागे दुकानांची एक जुनी रांग आहे, निम्मी रिकामीच पडलेली. ती पाडून तिथे तीन मजली ३८ टाउनहोम, म्हणजे एकमेकांना चिकटलेली घरं, उभी करायचा अर्ज आलाय, असं सिटीचं (म्हणजे इथल्या नगरपालिकेचं) कार्ड पोस्टाने आलं आणि गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच धुरळा उडाला. ट्रॅफिक वाढणार, आपल्या परसात लोक डोकावणार, घरांच्या किमती पडणार. कुणीतरी लगेच सह्यांची मोहीमही काढली. मी सही केली नाही. एक तर घरं व्हायला हवीत असं माझं मत आहे, आणि दुसरं म्हणजे 'आमचा विरोध आहे' एवढ्यावर कॅलिफोर्नियात आता काही होत नाही.

हे मला प्लॅनिंग डिपार्टमेंटला फोन केल्यावर नीट कळलं. अर्ज हाताळणाऱ्या प्लॅनर बाई बोलायला मोकळ्या होत्या. त्यांनी सांगितलेलं थोडक्यात असं: प्रकल्प सिटीच्या लेखी, मोजता येणाऱ्या नियमांत बसत असेल, म्हणजे उंची, सीमेपासूनचं अंतर, घरांची संख्या वगैरे, तर तो नाकारायला किंवा त्यातली घरं कमी करायला सिटीला फारच थोडी जागा उरते. लोकांच्या आरोग्याला किंवा सुरक्षिततेला ठोस धोका आहे आणि तो दुसऱ्या कुठल्याही उपायाने टळणार नाही, हे पुराव्यानिशी लिहून द्यावं लागतं. मूळ कायदा १९८२चा, पण नंतर त्याचे दात चांगलेच तीक्ष्ण केलेत. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रकल्पावर सिटीला पाचपेक्षा जास्त सुनावण्याही घेता येत नाहीत. आधी बरेच जण पर्यावरण तपासणीचा कायदा पुढे करून प्रकल्प वर्षानुवर्षं लटकवायचे. जून २०२५मध्ये शहरी वस्तीतल्या, ठरावीक अटी पाळणाऱ्या २० एकरांपर्यंतच्या गृहप्रकल्पांना त्यातूनही सूट मिळाली.

"मग आम्ही बोलायचं तरी कशावर?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, ड्रॉइंग बघा आणि कुठे काय चुकतंय ते शीट नंबरासकट लिहा.

आता ड्रॉइंग म्हणजे भलीमोठी पीडीएफ. माझा सिव्हिल इंजिनिअरिंगशी संबंध नाही. पण समोरच्या दर्शनी भागाची रंगीत चित्रं सोडून दिली, तर उरलेल्या शीट्स वाटतं तितक्या अवघड नसतात. मी तीनच बघितल्या: रस्ते आणि गटारांची सिव्हिल शीट, झाडांची लँडस्केप शीट आणि कचरा उचलण्याची शीट. चित्रांत सगळीकडे सायकलवाले आणि हसरी कुटुंबं असतात. कचऱ्याचा डबा एकाही चित्रात नसतो!

डब्यांचंच आधी सांगते. २०२२पासून राज्यात ओला कचरा वेगळा द्यावा लागतो, त्यामुळे आमच्याकडे घरटी तीन डबे: कचरा, रिसायकलिंग आणि ऑरगॅनिक. ३८ घरं, म्हणजे ११४ डबे. गाडीचा यांत्रिक हात डबा पकडतो, म्हणून दोन डब्यांत फट ठेवावी लागते. डबा आणि फट मिळून तीन फूट धरले तरी ३४२ फुटांची रांग झाली. आतला खाजगी रस्ता २० फुटांचा, आणि फायर कोडप्रमाणे अग्निशमन गाडीसाठी किमान २० फूट रुंदी सतत मोकळी लागते. दोन्ही बाजूंना गॅरेजची दारं. मग उचलण्याच्या दिवशी हे डबे ठेवायचे कुठे? शीटवर प्रत्येक ब्लॉकच्या टोकाला दोन-चार चौकोन काढून विषय मिटवला होता. मी ते चौकोन मोजले, बेरीज मांडली आणि ईमेलमध्ये लिहून पाठवली. विशेषण एकही वापरलं नाही.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर होती. प्रकल्पाची गाडी बाहेर पडणार तो रस्ता शाळेच्या वाटेवरचा. सिव्हिल शीटवर त्या तोंडाशी दोन्ही बाजूंना 'साइट ट्रँगल' आखलेला होता, म्हणजे ड्रायव्हरला फुटपाथवरचं माणूस दिसावं म्हणून मोकळा ठेवायचा त्रिकोण. त्यात तीन फुटांहून उंच काही नको, अशी टीपही होती. आणि लँडस्केप शीटवर? नेमक्या त्याच त्रिकोणात पिटोस्पोरमचं कुंपण. झाडांच्या यादीत त्याची पूर्ण वाढ आठ फूट लिहिलेली. एकाच अर्जातल्या दोन शीट्स एकमेकींशी बोलतच नव्हत्या. बहुधा दोन वेगळ्या कन्सल्टंटनी काढल्या असणार. मी दोन्हींचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावून लाल गोल केले.

सुनावणीचा अजेंडा किमान ७२ तास आधी लावावा लागतो. त्याच्याबरोबरचा स्टाफ रिपोर्ट, म्हणजे प्लॅनिंग डिपार्टमेंटचा अहवाल, मात्र मुळातून वाचावा, कारण निकाल बहुतेक तिथेच लिहिलेला असतो. आमच्या रिपोर्टमध्ये 'मंजुरीची शिफारस' होतीच. मी शेवटच्या पानांवरच्या अटी उघडल्या. कुंपणाचा मुद्दा अटीत आला होता: त्रिकोणातली झाडं बदलून बुटकी लावा. डब्यांवर नुसतं 'कचरा कंपनीशी समन्वय साधावा' असं गुळमुळीत वाक्य.

मैत्रीण म्हणाली, "अगं, कशाला जातेस? ठरलंय सगळं." ती समोरच्या अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहते. राज्याच्या कायद्याप्रमाणे सुनावणीची नोटीस ३०० फुटांच्या आतल्या मालकांना जाते, त्यामुळे तिच्या हातात काहीच पडलं नव्हतं. जिची मुलगी रोज त्याच फुटपाथवरून शाळेत जाते, तिलाच नोटीस नाही. मी तिला ओढूनच नेलं. बोलायला मात्र मालकच असावं लागत नाही, हे तिलाही माहीत नव्हतं.

प्रत्येकाला दोन मिनिटं. समोर हिरवा, पिवळा, लाल दिवा. आधीच्या बऱ्याच जणांची दोन मिनिटं आपण इथे किती वर्षं राहतोय हे सांगण्यातच गेली. कमिशनर, म्हणजे निर्णय देणाऱ्या प्लॅनिंग कमिशनचे सदस्य, ऐकत होते, मानही हलवत होते, पण लिहून कुणी काही घेतलं नाही. मी ११४ आणि ३४२ हे दोन आकडे सांगितले आणि अट ठोस करा म्हटलं: डबे ठेवायच्या जागा मोजमापासकट दाखवा, आणि त्या २० फुटांत येता कामा नयेत. एका कमिशनरने अर्जदाराच्या आर्किटेक्टला तिथेच विचारलं, "हे डबे नक्की कुठे राहणार?" त्याने शीट उघडली, वर-खाली केली, आणि "आम्ही यावर काम करू" म्हणाला. मैत्रिणीने शाळा सुटण्याच्या वेळी अवजड ट्रक नकोत एवढंच मागितलं. बांधकामाच्या वेळापत्रकात तेही आलं.

प्रकल्प एकमताने मंजूर झाला. डब्यांची अट आमच्या मागणीच्या बरीच जवळ आली; वाटेल तिथे ठेवण्याऐवजी एकत्रित डब्यांची बंदिस्त खोली करायची मुभा बिल्डरला दिली आहे, जे मला तरी जास्त बरं वाटतं. आमच्या परसाकडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या होत्या तशाच राहिल्या. जिन्याच्या आणि बाथरूमच्या काचा तेवढ्या धुरकट करून देतो, असं बिल्डर आपणहून म्हणाला. बेडरूमच्या खिडक्यांबाबत नियमच नाही, त्यामुळे मागण्यात अर्थ नव्हता. शेजारचे आजोबा अजून माझ्यावर नाराज आहेत. त्यांना घरं दोन मजलीच हवी होती, आणि मी त्यांच्या बाजूने बोलले नाही.

शेजाऱ्यांचा नकाराधिकार काढून घेतला हे मला पटतं. फक्त 'आमचे हात बांधलेत' म्हणत सिटीनेही ड्रॉइंग वरवर चाळावीत, हे पटत नाही. ती कुंपणाची गोष्ट शेजाऱ्याच्या नजरेला पडेपर्यंत राहायला नको होती.

मंजुरीनंतर सिटीच्या पब्लिक वर्क्स खात्याकडे इम्प्रूव्हमेंट प्लॅन, म्हणजे रस्ते-गटारांची तपशीलवार ड्रॉइंग, जातात, आणि अट कागदावरून ड्रॉइंगमध्ये उतरली की नाही ते तिथे कळतं. त्याची सुनावणी नसते, कार्डही येत नाही, मागावे लागतात. मागच्या आठवड्यात मी मागितलेत.