जिनाच्या मागे, दिल्ली वेशीकडून

पुण्याहून रात्री निघालेली ट्रॅव्हल्स पहाटे समृद्धी महामार्ग सोडून कारंजा लाडच्या फाट्यावर थांबली आणि मी पिशव्या सावरत खाली उतरलो. तिथे एकच ऑटो उभा होता. चालक फार तर बावीस वर्षांचा असेल. "कुठी जाचं, काका?" त्याने विचारले. "जिनाजवळ," मी म्हणालो, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याजवळ. त्यावर त्याने अगदी सहज विचारले, "कोन्तं जिन? जुनं, का जयलेलं?"

जळलेले जिन हा पोरगा जन्माला येण्याच्या आधी जळाले. जुने जिन पाडून तिथे ले-आउट पडला, प्लॉट विकले गेले आणि आता तिथे लग्नाचे एक लॉन आहे, त्यालाही बरीच वर्षे झाली. दोन्हीपैकी एकाचाही भोंगा त्याने ऐकलेला असणे शक्य नाही. तरीही त्याचा प्रश्न रास्त होता, कारण या दोन नसलेल्या जिनांमध्ये चांगले अर्ध्या किलोमीटरचे अंतर आहे आणि भाडे त्यावर ठरते. मी "जुनं" म्हणालो, आणि अस्तित्वात नसलेल्या एका इमारतीच्या दिशेने आम्ही दोघे निघालो.

गाव बदलले म्हणून हळहळण्याची पूर्वतयारी मी दरवेळी प्रवासातच करून ठेवतो, आणि दरवेळी गाव ती वाया घालवते. खरे तर परत येणाऱ्याचे या गावाला फारसे अप्रूप नसावे. कारंजा ही नृसिंह सरस्वतींची जन्मभूमी. लहानपणी घर सोडताना आईला दिलेल्या शब्दाप्रमाणे ते संन्यासी होऊन कैक वर्षांनी इथे परत आले, ही कथा येथे पोराटोरांनाही ठाऊक असते. त्यांना घराचा पत्ता विचारावा लागला होता की काय, हे मात्र मला कोणी सांगितल्याचे आठवत नाही. मला तर तो दिवाळीच्या रजेपुरते आलो तरी विचारावा लागतो, आणि सांगणारा मला जे जे सांगतो त्यातले निम्मे डोळ्यांना दिसत नाही. टॉकीजच्या बोळीत वळायचे असते, पण टॉकीज नाही. जकात नाक्यावरून डावीकडे जायचे असते, पण जकात केव्हाच बंद झाली. आमच्या आईचा पत्ता तर त्याहून जुना आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम वेगळा झाला आणि आमचा तालुका नव्या जिल्ह्यात गेला, पण नातेवाइकांच्या लग्नपत्रिकांसाठी पत्ता सांगताना ती अजून "जिल्हा अकोला" असेच सांगते. पत्रिका मुकाट्याने येऊन पडतात. सरकारने जिल्हा बदलला, तरी टपालखात्याचा ४४४१०५ हा पिन कोड काही बदलला नाही, त्यामुळे आईच्या हट्टाची आजवर कोणाला झळ पोचलेली नाही.

पत्त्याचा हा विचार मनात घोळत असतानाच ऑटो दिल्ली वेशीपाशी आला. कारंज्याला एके काळी तट होता आणि त्याला दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा अशा चार वेशी. यातली एकही वेस तिच्या आतल्या वस्तीच्या नावाने ओळखली जात नाही. तिच्यातून बाहेर पडणारा माणूस जिथे जाणार, त्या ठिकाणाचे नाव तिला मिळालेले आहे. मला गंमत वाटते ती अशी, की पोहा हे आमच्याच तालुक्यातले गाव, सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी घरी जेवायला येईल इतके जवळ, आणि दिल्ली इथून हजारभर किलोमीटरवर. पण तट बांधणाऱ्यांनी दोघांना एकेक दरवाजा देऊन टाकला. लहानपणी माझी अशी पक्की समजूत होती की दिल्ली वेशीतून सरळ चालत राहिले तर रस्त्याच्या शेवटी लाल किल्ला लागतो. मोठी माणसे मात्र त्या वेशीतून पिशवी घेऊन जात आणि तासाभरात वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन परत येत. त्यांनी दिल्लीकडे एवढी पाठ का फिरवावी, हे मला कळत नसे.

पुढे शाळेत गेल्यावर कळले की जगाने मात्र आमच्याकडे पाठ फिरवलेली नव्हती. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालले, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडातल्या कापसाला एकाएकी भाव आला. तो कापूस वाहून नेण्यासाठी मग रेल्वे पसरत गेली. आमची शकुंतलाही त्याच व्यापाराची लेक. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला आणि दुसरा कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला जाणारी ही अरुंद रुळांची गाडी. तिचे १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. म्हणजे आमचा कापूस मँचेस्टरकडे जात होता आणि तो ओढणारे इंजिन मँचेस्टरहून आलेले होते. मधल्या मध्ये आमच्या वाट्याला काय राहिले, असे कोणी विचारील, तर आमच्या वाट्याला गाडीत बसणे राहिले, आणि ते आम्ही मनसोक्त केले. गाडीतलेच कर्मचारी खाली उतरून फाटक लावीत, गाडी पलीकडे गेली की उघडीत आणि पुन्हा चढत. आणि त्या अवधीत उतरून शेजारच्या वावरातली दोन बोंडे तोडून परत डब्यात बसणारी मुले मी पाहिली आहेत. एक तर मीच होतो. आता गाडी बंद आहे, रुळांवर गवत आहे, तरी "स्टेशनकडे राहतो" हा पत्ता चालू आहे.

समृद्धीचे तसे नाही. नागपूरहून मुंबईपर्यंत ७०१ किलोमीटर गेलेला हा रस्ता माझ्यासारख्याला सोयीचा आहे, आणि ते मी नाकारणार नाही. पूर्वी पुण्याहून निघाल्यावर दुसऱ्या दिवशीचे जेवण चुकायचे, आता चहा चुकत नाही. पण तो गावातून जात नाही, गावाच्या बाजूने जातो, आणि कुंपणाच्या आत असल्यामुळे त्याच्या काठाला टपरी नाही, झाड नाही, पत्ता सांगावा असे काहीच नाही. कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळविटे आहेत. महामार्गाने वन्यप्राण्यांची ये-जा तुटू नये म्हणून त्यांच्यासाठी खालून आणि वरून वाटा ठेवल्या गेल्या, ही गोष्ट मला मनापासून आवडली होती. आमच्या शेजारच्या काकांचे वावर रस्त्याच्या पलीकडे राहिले. ते म्हणाले, "हरणाले पूल हाये, मले फेरा हाये." त्यांची तक्रार होती की विनोद, हे त्यांच्या चेहऱ्यावरून ठरवता आले नाही. त्यांनी लगेच खिशातून मोबाइल काढला आणि अमेरिकेत यंदा सोयाबीन कसे पिकले आहे ते मला दाखवू लागले. कापूस सोडून ते सोयाबीनकडे वळले त्याला बरीच वर्षे झाली, पण इथला भाव तिथल्या पिकावर हलतो, हे त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून काही बदललेले नाही.

दुपारी आईसाठी मागवलेले रक्तदाबाचे यंत्र घेऊन येणाऱ्या मुलाचा फोन आला. मी त्याला लोकेशन पाठवले. पाच मिनिटांनी त्याचा पुन्हा फोन आला की लोकेशन तर लॉनच्या मधोमध दाखवते आहे आणि तिथे हळदीचा मांडव पडलेला आहे. आईने माझ्या हातातून फोन घेतला. "बापू, दिल्ली वेशीतून आत ये, अन् जुन्या जिनाच्या मागं ये. निंबाचं झाड होतं तिथंच." "आलो, आजी," तो म्हणाला, आणि खरोखरच आला. निंबाचे झाड गेल्या पावसाळ्याच्या आधीच तोडले आहे.

परतीचे तिकीट मी तिथेच बसून मोबाइलवर काढले. गाडीत चढण्याचे ठिकाण निवडा, असे लिहून आले आणि खाली दोनच पर्याय होते. एक, समृद्धी इंटरचेंज. दुसरा, जुना जकात नाका. आई यंत्राचा पट्टा दंडाला गुंडाळत म्हणाली, "नाक्यावरून बस. जवळ पडते."