पडदा कुठे लावायचा?

माहितीपट मोफत दाखवला म्हणजे तो लोकांपर्यंत पोहोचला, असे आयोजक फार सहज धरून चालतात. तिकीट नसले तरी सभागृहापर्यंतचे गाडीभाडे असते, कामावरून सुटण्याची वेळ जुळवावी लागते आणि दारावरच्या सुरक्षारक्षकाने वरपासून खालपर्यंत न्याहाळले की अर्धा उत्साह तिथेच मावळतो. म्हणून मला तिकिटापेक्षा जागेचा प्रश्न मोठा वाटतो.

मुंबईत सभागृहांतल्या प्रदर्शनांची चांगली परंपरा आहे, हे मान्यच करायला हवे. २००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्यात आली होती. माहितीपटकारांच्या विरोधानंतर ती मागे घेतली गेली, पण राजकीय विषयांवरचे अनेक माहितीपट निवडीतच गळाले, तेव्हा माहितीपटकारांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरवला. पुढे जुहूच्या पृथ्वी हाऊसमध्ये ‘विकल्प’चे मोफत खेळ होऊ लागले, आणि २०१२ पासून पेडर रोडवर मुंबई महोत्सव भरवणाऱ्या खुद्द सरकारी फिल्म्स डिव्हिजनच्या वास्तूत ‘एफडी झोन’चे खेळ सुरू झाले. या खेळांनी शहराला पुष्कळ काही दाखवले. मात्र तिथे येणारा प्रेक्षक बहुधा आधीच त्या विचारांचा असतो (मीही त्यांतलाच), आणि चर्चेत प्रश्नांपेक्षा भाषणेच जास्त होतात.

आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटाची गोष्ट वेगळी आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर लोक रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. त्याने व्यथित होऊन काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून सुरू झालेले चित्रीकरण चौदा वर्षे चालले, आणि जानेवारी २०१२ मध्ये हा माहितीपट पहिल्यांदा जाहीरपणे दाखवला गेला तो भायखळ्याच्या बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळीत. ज्यांची गाणी, ज्यांचे मोर्चे आणि ज्यांचे दुःख पडद्यावर आहे त्यांच्यासारख्यांनीच तो आधी पाहावा, हा निर्णय मला खुद्द चित्रपटाइतकाच महत्त्वाचा वाटतो. आंबेडकरी जलसे आणि अण्णाभाऊ साठ्यांची लोकनाट्ये ज्या चाळींनी ऐकली-पाहिली, त्यांना उघड्यावर एकत्र बसून स्वतःविषयीचे काही पाहणे आणि मग त्यावर वाद घालणे नवे नाही.

आम्ही वस्तीत असे खेळ लावतो, ते मात्र कष्टाचे काम आहे. प्रोजेक्टर भाड्याने मिळतो, पडदा पांढऱ्या चादरीचाही चालतो. खरी पंचाईत आवाजाची होते. मंडपवाल्याचे स्पीकर गाण्यांसाठी असतात, त्यांवर मुलाखतीतला हळू आवाज घुमतो आणि शब्द कळत नाहीत, त्यामुळे स्पीकर पडद्यामागे न ठेवता दोन्ही कडेला, प्रेक्षकांच्या कानाच्या उंचीवर ठेवावे लागतात. खाली इंग्रजी अक्षरे पळत असतील तर मागच्या रांगेतल्या मावशींना त्यांचा काही उपयोग नाही; एखाद्याने माइक घेऊन मराठीत सांगत राहणे हाच उपाय, आणि तो प्रत्येक दिग्दर्शकाला रुचतोच असे नाही. शिवाय खेळ मोफत असला तरी भाडे कोणीतरी भरतेच. स्थानिक पुढाऱ्याने भरले, तर पडद्याशेजारी त्याचा फ्लेक्स येतो आणि चर्चेत कोणते प्रश्न विचारायचे नाहीत हे न सांगता ठरते. म्हणून मी डबा फिरवून जमणाऱ्या चिल्लरीच्या बाजूचा आहे.

रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो आणि मंडळी कामावरून येऊन, जेवून बसेपर्यंत आठ वाजतात. त्यामुळे लांब माहितीपट आम्ही दोन संध्याकाळी दाखवतो. दुसऱ्या दिवशी गर्दी बरीच ओसरते, पण आदल्या रात्री माहितीपटावरून घरी भांडलेले लोक हमखास येतात आणि माइक बंद झाल्यावरही उठत नाहीत.